‘आंघोळ करतो’ म्हणजे शून्य गुण? दिव्यांग मंडळांना आणि तहसील कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा रुग्णालयांतील दिव्यांग मंडळांचे सर्व सदस्य,
सर्व तहसीलदार आणि संजय गांधी निराधार अनुदान योजना शाखेतील कर्मचारी,
तसेच दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: मानसिक आजार असलेल्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि अनुदानाचे अर्ज कुठे अडतात आणि का

महोदय, महोदया,

मानसिक आजार असलेल्यांचे प्रमाणपत्राचे आणि अनुदानाचे अर्ज भरायला आम्ही मदत करतो. जुने केसपेपर जुळवायचे, यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन भरायचा, बोर्डाच्या म्हणजे दिव्यांग मंडळाच्या तपासणीच्या दिवशी सोबत जायचे, मग फाइल तहसीलच्या टेबलापर्यंत न्यायची, असे हे काम. हे अर्ज ज्या जागी अडतात त्या जागा जवळपास ठरलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जागी नियम अर्जदाराच्याच बाजूचा आहे. तो वापरला जात नाही, किंवा घाईत वापरला जातो. म्हणून हे पत्र.

मानसिक आजार ही दिव्यांगत्वाच्या यादीत अलीकडे घातलेली गोष्ट नव्हे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यातही तो होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकार २१ झाले आणि विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतला असा मोठा बिघाड, ज्यामुळे निर्णयशक्ती, वागणे किंवा रोजच्या आयुष्याच्या साध्या गरजा भागवण्याची क्षमता ढासळते, अशी त्याची व्याख्या आली. किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले की लाभांचे दार उघडते. तरीही बोर्डाच्या रांगेत पहिले वाक्य कानावर पडते ते, ‘याला तर काहीच दिसत नाही.’

दिसणार नाहीच. इथे मोजायचे असते ते माणसाचे रोजचे जगणे, आणि त्यासाठी मोजपट्टी ठरलेली आहे. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आयडियाज ही पद्धत दिली. तिच्यात चार क्षेत्रे आहेत: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. ० म्हणजे अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण अक्षमता. या चारांच्या बेरजेत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षे २, सहा ते दहा वर्षे ३, दहा वर्षांहून जास्त ४. एकूण वीस. बेरीज १ ते ६ आली तर ४० टक्क्यांच्या खाली, ७ ते १३ आली तर ४० ते ७०, १४ ते १९ ला ७१ ते ९९, आणि वीसपैकी वीस म्हणजे शंभर टक्के.

म्हणजे सगळा खेळ सहा आणि सात यांच्यामधल्या एका गुणाचा आहे.

उदाहरण म्हणून सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया असलेला माणूस घ्या. कालावधीचे गुण ३. कामाचे २, कारण आठवड्यातून दोन-तीन दिवस कोणी सोबत असेल तरच तो शेतावर जातो. माणसांशी संबंधांचा १, कारण घरच्यांशी बोलतो, बाहेरच्या कोणाशी नाही. संवादाचे ०. आता बोर्ड विचारते, ‘आंघोळ रोज करतोस ना? जेवतोस ना?’ तो ‘हो’ म्हणतो आणि निगेच्या रकान्यात ० पडते. बेरीज ६. टक्के बसले नाहीत.

हाच प्रश्न त्याच्या आईला विचारा. आंघोळ करतो, पण पाणी काढून, कपडे हातात देऊन, तीन-चारदा ओरडल्यावर. नाही सांगितले तर चार दिवस तोच शर्ट. गोळ्या आई हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. रोज असे मागे लागावे लागत असेल तर निगेचे गुण २ होतात, बेरीज ८ होते आणि प्रमाणपत्र मिळते. माणूस तोच, आजार तोच. प्रश्न कोणाला आणि कसा विचारला, एवढाच फरक.

त्यात बोर्डाचा दिवस म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने सरकारी कामाचा दिवस. पहाटे उठवून त्याला आंघोळ घालतात, दाढी करवून आणतात, इस्त्रीचा शर्ट चढवतात. आपल्यासमोर येऊन बसतो तो घरच्यांच्या दोन तासांच्या मेहनतीचा माणूस. आपण त्याला बघून ‘नीटनेटका’ असे लिहिता. आम्ही नातेवाइकांना सांगतो की मुद्दाम गबाळे आणू नका, ते खोटे ठरेल आणि त्या माणसाचा अपमानही होईल. पण सकाळी काय काय करावे लागले ते बोर्डाला सांगा. सांगायला त्यांना आत घेतले तरच ते सांगू शकतील. अनेक ठिकाणी नातेवाइकाला दाराबाहेर थांबवतात. या पद्धतीत रुग्ण, सांभाळणारी व्यक्ती आणि उपचाराची कागदपत्रे अशा तिन्हीकडून माहिती घेणे अपेक्षित आहे. फक्त रुग्णाला विचारून दिलेले गुण अर्धेच असतात. आजाराची जाणीव नसणे हे कित्येकदा आजाराचेच लक्षण असते. असा माणूस ‘मला काही झालेले नाही’ असेच सांगणार.

बायकांच्या बाबतीत चूक वेगळ्या जागी होते. ‘घरकाम करते का?’ ‘करते.’ कामाचे गुण शून्य. गृहिणीसाठी घरकाम हेच काम धरून गुण द्यायचे असतात, आणि तेही किती मदतीने होते ते पाहून. भाजी चिरायला घेते आणि अर्ध्यात सोडून बसून राहते; कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते लक्षात राहत नाही म्हणून गॅसजवळ सासू किंवा मुलगी उभी असते; दूध आणायला गेली तर पैसे परत घ्यायचे विसरते. ही माहिती ‘करते’ या एका शब्दात बुडून जाते. मंडळांनी ‘करता का’ ऐवजी ‘कसे करता, कोण आठवण करते, केले नाही तर काय होते’ असे विचारावे. प्रत्येक क्षेत्राला दोन मिनिटे जास्त लागतील.

कालावधीच्या गुणांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हातातोंडाशी आलेला सातवा गुण तिथे निसटतो. मोजायचा असतो तो आजाराचा कालावधी, उपचारांचा नव्हे. आपल्याकडे आजार सुरू झाला आणि माणूस मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचला यात कित्येकदा काही वर्षे जातात. त्या वर्षांत अंगारे-धुपारे, देवऋषी, गावातल्या डॉक्टरांची झोपेची गोळी हे सगळे होऊन जाते. बोर्ड मात्र हातातल्या सर्वांत जुन्या केसपेपरची तारीख बघते आणि तिथून मोजते. घरच्यांना आमचे सांगणे असे: जुना केसपेपर सापडत नसेल तर आयुष्य कुठे तुटले ते दाखवणारा कागद शोधा. बारावीत मध्येच काढलेला शाळा सोडल्याचा दाखला, कामावरून कमी केल्याचे पत्र, पूर्वी दाखल होता त्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पूर्वी उपचार झाले असतील तर तिथे नोंदी मागता येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. मंडळांना विनंती एवढीच की असे कागद ‘हे मेडिकल नाही’ म्हणून बाजूला सारू नयेत.

आता केसपेपरबद्दल, आणि हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही वाचावे. सरकारी ओपीडीतल्या कागदावर महिनोन्‌महिने एकच ओळ असते: ‘रिपीट ऑल’. किंवा ‘बेटर’. तीस सेकंदांत लिहिलेला हा ‘बेटर’ बोर्डापुढे अर्जदाराच्या विरोधात जातो. डॉक्टरांना त्यातून म्हणायचे असते की कानात येणारे आवाज कमी झाले, झोप लागते. कागद वाचणाऱ्याला वाटते, माणूस बरा झाला. आवाज थांबले तरी उमेद परत येत नाही, लक्ष टिकत नाही, आणि औषधांनी दुपारपर्यंत गुंगी राहते. अपंगत्व तिथे असते. बोर्डाकडे पाठवताना अर्ध्या पानाची वेगळी नोंद हवी: आजाराचे निदान आणि त्याचा कोड (स्किझोफ्रेनियाला एफ २०, बायपोलरला एफ ३१, ओसीडीला एफ ४२), आजार कधीपासून, किती वेळा आणि कधी दाखल केले, सध्याची औषधे आणि मात्रा, आणि चारही क्षेत्रांत एकेक वाक्य, उदाहरणासह. ‘कामात अडचण’ एवढे पुरत नाही. ‘गेल्या तीन वर्षांत चार ठिकाणी कामाला लागला, सर्वांत जास्त टिकला ४० दिवस’ असे लिहिले की बोर्डाला गुण देता येतात.

ऑनलाइन अर्जातली एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. जून २०२१ पासून प्रमाणपत्र यूडीआयडी पोर्टलवरूनच मिळते. सायबर कॅफेवाला किंवा सेतूतला मुलगा घाईत दिव्यांगत्वाच्या यादीतून ‘मानसिक आजार’ ऐवजी ‘बौद्धिक अक्षमता’ निवडतो, कारण बोलीभाषेत दोन्हीला एकच शब्द वापरला जातो. मग अर्जदार बुद्ध्यांक चाचणीला पाठवला जातो, बुद्ध्यांक सर्वसाधारण येतो आणि अर्ज फेटाळला जातो. बौद्धिक अक्षमता लहानपणापासून असते आणि ती बुद्ध्यांकावर व जुळवून घेण्याच्या क्षमतेवर मोजतात. मानसिक आजार नंतर कधीही सुरू होऊ शकतो आणि पदवीधरालाही होतो. हाच गोंधळ पुढे लाभांतही होतो. निरामय आरोग्य विमा ही राष्ट्रीय न्यासाची योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. मानसिक आजाराला ती लागू नाही. तरी लोकांना तिचा फॉर्म भरायला पाठवले जाते आणि एक खेप वाया जाते. प्रकार चुकला असेल तर अर्ज फेटाळण्याआधी तो दुरुस्त करून घेण्याची सोय मंडळाच्या लिपिकाकडे असावी. अर्ज करणाऱ्यांनी शेवटचे बटण दाबण्याआधी तो रकाना स्वतः वाचावा आणि पावतीची प्रिंट घ्यावी. मोबाइल नंबरही चालू असलेलाच द्यावा; आजाराच्या काळात हरवलेल्या सिमवर ओटीपी जात राहतो आणि अर्ज तिथेच थिजतो.

मुदतींबद्दल. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिन्याची होती, २०२४ च्या नियमदुरुस्तीने ती तीन महिने झाली. आमच्या मते हे पाऊल मागे गेले, पण निदान तीन महिने तरी पाळावेत. नकार द्यायचा असेल तर कारणांसह लेखी द्यायचा असतो. प्रत्यक्षात ‘तुमचे बसत नाही’ असे तोंडी सांगून माणसाला परत पाठवतात. लेखी नकार नसेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खालचे अपील कशाविरुद्ध करायचे? अपिलाची मुदत तोवर चुपचाप निघून जाते. नकाराबरोबर आयडियाजच्या गुणांचा तक्ताही द्यावा. कुठल्या क्षेत्रात किती गुण पडले ते कळले तर अपिलात नेमके बोलता येते, आणि मंडळावरचा संशयही कमी होतो.

बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर पडताळणी कडक झाली, ते योग्यच आहे. खोटा लाभ घेणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्या भीतीने मंडळे मानसिक आजाराला हात राखून टक्के देऊ लागली, तर ज्याने फसवले त्याची शिक्षा कधीही न फसवलेल्याला होते. गुणांचा तक्ता नोंदीत असेल तर मंडळालाही कोणाला घाबरायचे कारण उरत नाही.

मानसिक आजाराचे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते, ठरावीक मुदतीचे दिले जाते. फेरतपासणी हवीच, काही माणसे सुधारतात आणि ती सुधारणा नोंदली जावी. पण पंधरा-वीस वर्षे आजारी असलेल्या, बेरीज १४ च्या वर असलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा रांगेत उभे करण्याने काय साधते? आणि ज्याची मुदत ३१ तारखेला संपते त्याला बोर्डाची तारीख दोन महिन्यांनी मिळते, तोवर अनुदान थांबते, घरात औषधाला पैसे उरत नाहीत, गोळ्या चुकतात, आजार उसळतो. ही साखळी कोणत्याही वॉर्डातल्या नर्सला विचारा. आमची मागणी साधी आहे: फेरतपासणीचा अर्ज मुदतीच्या आत केलेला असेल, तर बोर्डाचा निर्णय होईपर्यंत जुने प्रमाणपत्र चालू धरावे.

आता तहसील कार्यालय. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्याला संजय गांधी निराधार अनुदान मिळते; लोक त्याला ‘पगार’ म्हणतात. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते १,५०० वरून २,५०० रुपये झाले. महागाईत ही रक्कम थोडीच, तरी गोळ्या आणि ओपीडीच्या खेपा तिच्यातून निघतात. केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन वेगळे आहे, पण त्याला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपयांचा. मानसिक आजारात ८० टक्के म्हणजे १४ ते १९ या पट्ट्यातही मधल्या टप्प्याच्या आसपास जायचे. तिथवर फार थोडे पोहोचतात.

निराधार योजनेच्या माहितीपत्रकांत पात्र व्यक्तींची यादी वर्षानुवर्षे अस्थिव्यंग, अंध, मूकबधिर, कर्णबधिर, मतिमंद अशी छापली जाते. टेबलावरचा लिपिक ती यादी बघतो, ‘मानसिक आजार’ शब्द त्यात दिसत नाही, आणि ४२ टक्क्यांचे वैध प्रमाणपत्र असूनही फाइल परत करतो. आम्ही लिपिकाला दोष देत नाही. त्याच्या हातात जी यादी आहे तीच तो बघणार. २०१६ च्या कायद्यातले सर्व २१ प्रकार यात येतात असे एक स्पष्ट परिपत्रक दिव्यांग कल्याण विभागाने आणि सामाजिक न्याय विभागाने मिळून काढावे आणि प्रत्येक तालुक्याच्या शाखेत भिंतीवर लावावे. एका पानाचे काम आहे.

उत्पन्नाची अट दिव्यांगासाठी वर्षाला ५०,००० रुपये कुटुंबाची आहे. दिवसाचे १३७ रुपये. घरात एक भाऊ नियमित मजुरीला जात असला तरी ती ओलांडली जाते, म्हणून दाखल्यावर खरे उत्पन्न लिहिणारा अपात्र होतो आणि कमी लिहून घेणारा पात्र. प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावणारी ही अट वाढवायलाच हवी. १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावाही अशीच अडचण करतो, विशेषतः आजारामुळे सासरहून पाठवून दिलेल्या बाईची. रेशनकार्डावरचे नाव तिकडे, आधारचा पत्ता तिकडे, आणि ती माहेरी भावाच्या दारात. अशा वेळी माहेरच्या गावचा शाळेचा दाखला आणि स्थानिक चौकशीचा अहवाल पुरेसा धरावा.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. नेमका त्याच महिन्यांत माणूस रुग्णालयात असेल किंवा घराबाहेर पडायला तयार नसेल, तर ‘हजर नाही’ म्हणून पगार बंद होतो आणि तो पुन्हा सुरू करायला नवा अर्ज करण्याइतकेच हेलपाटे पडतात. रुग्णालयाचे दाखल असल्याचे पत्र किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याने घरी जाऊन केलेली नोंद चालावी.

बँकेत आणखी एक भिंत असते. प्रमाणपत्रावर ‘मानसिक आजार’ वाचून खाते उघडायला किंवा आधार जोडायला नकार मिळतो, ‘कोर्टातून पालकत्व आणा’ म्हणतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ३ सांगते की मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे माणूस विकल मनाचा ठरत नाही. ते ठरवायचे सक्षम न्यायालयाने. जो सही करतो, आपले पैसे कोणते ते सांगतो, त्याला पालक लागत नाही. खरेच आधाराची गरज असेल तिथे २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे, तेही त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून आणि ठरावीक निर्णयापुरते. तहसीलदारांनी अनुदान मंजुरीच्या पत्रात ही दोन वाक्ये घातली तर बँकेत वाद घालावा लागणार नाही.

आणि नाव पुकारताना ‘मानसिकवाले कोण?’ असे ओरडू नये, नोटीस बोर्डावरच्या लाभार्थी यादीत दिव्यांगत्वाचा प्रकार छापू नये. बहिणीचे लग्न मोडेल या धास्तीने कितीतरी घरे अर्जच करत नाहीत.

या सगळ्या प्रक्रियेत अर्जदाराकडून तारीख लक्षात ठेवणे, रांगेत तासन्‌तास थांबणे, चार खिडक्यांवर तीच माहिती न चिडता सांगणे, कागद सांभाळणे अपेक्षित असते. नेमक्या याच गोष्टी जमत नाहीत म्हणून तो अर्ज करत असतो. बोर्डाच्या दिवशी मानसिक आजाराच्या अर्जदारांना ठरावीक वेळ द्या, दुपारी बारानंतरची. सकाळच्या गोळ्यांची गुंगी तोवर उतरलेली असते. ज्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ नेमलेला नाही, तिथे तज्ज्ञ कोणत्या तारखांना येणार ते आधी फलकावर आणि फोनवर कळू द्या. ८० किलोमीटरवरून एसटीने आलेल्या आजारी माणसाला ‘आज साहेब नाहीत’ हे उत्तर मिळू नये.

गुणांचा तक्ता नकारासोबत देणे, नातेवाइकाला आत घेणे आणि बारानंतरची वेळ या तीन गोष्टींना शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीपासून त्या सुरू करता येतील.

आपले,
अर्जदार, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते